रंगवा, पण गोरं करू नका

आपल्या मराठी वर्गाच्या कार्यक्रमाची कामं कशी वाटली जातात, ते सगळ्या पालकांना ठाऊक आहे. नाटक बसवायला हौशी मंडळी पुढे येतात. जेवणाचं बघायला अनुभवी मंडळी पुढे येतात. खुर्च्या मांडायला बाबालोकांना पुढे ढकललं जातं. शेवटी यादीत एखादं काम उरतं आणि त्या क्षणी जिची नजर वर असते तिच्या गळ्यात ते पडतं. चार वर्षांपूर्वी उरलेलं काम होतं रंगभूषा, आणि नजर वर असलेल्या आम्ही तिघी. पात्रता विचाराल, तर एकीला मेंदी काढता येत होती, दुसरीने कॉलेजच्या गॅदरिंगला मैत्रिणीचा मेकअप केला होता (मैत्रीण नंतर बरेच दिवस बोलली नाही) आणि तिसरी लिपस्टिक सरळ लावते, असं कमिटीचं मत पडलं.

तेव्हापासून आम्ही बरेच चेहरे रंगवले. त्यातून आमचं एक ठाम मत झालं आहे, ते मथळ्यात लिहिलंच आहे. पण हे मत पहिल्या दिवशी आमच्याकडे नव्हतं. पहिल्या दिवशी आम्ही नेमकं उलटं केलं. म्हणून आधी आमच्या चुका सांगतो. बालदोस्तांनो, त्या चुका तुमच्याच चेहऱ्यांवर झाल्या, तेव्हा हसायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

पहिलं नाटक गणेशोत्सवातलं, शिवाजी महाराजांच्या दरबाराचं. १४ मुलं आणि हातात दीड तास. ज्या प्राथमिक शाळेचा हॉल आपण भाड्याने घेतो, तिथे आमचा रंगपट म्हणजे खेळाचं सामान ठेवायची खोली. जाळ्यात भरलेले बास्केटबॉल, एक ट्यूबलाइट आणि घरून उचलून आणलेला एक आरसा. रंगाचा डबाही एकच. केमिस्टच्या दुकानात फळीवरच्या डब्यांना आयव्हरी, बेज, सँड अशी नावं होती. सँड म्हणजे वाळू. ही वाळू कृष्णाकाठची की सेंट किल्डाच्या किनाऱ्यावरची, ते काही लिहिलेलं नव्हतं. आम्ही तोच डबा उचलला आणि महाराजांपासून भालदारापर्यंत सगळ्यांना एकाच रंगात काढलं.

गोरं कुणीच झालं नाही. सगळे राखाडी झाले. याचं कारण आम्हाला नंतर कळलं. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या कातडीत पिवळसर, तांबूस छटा असते. तिच्यावर फिकट गुलाबी थर दिला की दोन्ही मिळून राखेचा रंग होतो. त्यातून वर भरपूर पावडर थापली होती. पावडरीत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असतं, आणि फ्लॅश पडला की ते उजेड सरळ कॅमेऱ्याकडे परत फेकतं. त्यामुळे फोटोत चेहरे पांढरेफटक आणि कान तपकिरी. साताऱ्याहून आलेल्या एका आजींनी फोटो हातात घेऊन शांतपणे विचारलं, "मावळे गडावरून आलेत का गिरणीतून?"

मिशा काजळाच्या होत्या. काजळ गरम चेहऱ्यावर सरकतं, हेही आम्ही त्याच दिवशी शिकलो. दुसऱ्या प्रवेशापर्यंत एका सरदाराची मिशी गालावर पोचली होती आणि त्याने शिंकून ती तिसऱ्याच ठिकाणी नेली.

आमचं नशीब असं की त्या वर्षी मुलीकडे राहायला आलेले एक आजोबा प्रेक्षकांत होते. महाराष्ट्रात हौशी नाटकांच्या स्पर्धांमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं पडद्यामागे चेहरे रंगवले होते. त्यांनी आम्हाला रागावलं नाही. फक्त विचारलं, "दिवे कुठले होते तुमच्याकडे?" आम्ही म्हटलं, हॉलच्या ट्यूबलाइट. "मग एवढा रंग कशासाठी? रंग दिव्यांसाठी असतो, बाई. दिवे नसतील तर डोळे आणि ओठ काढा नि मुलांना सोडून द्या."

पुढचे तीन रविवार ते आमच्याबरोबर त्या बास्केटबॉलच्या खोलीत बसले. समोरून झगझगीत उजेड पडला की चेहरा सपाट दिसतो. नाक बुजतं, डोळ्यांच्या खोबण्या बुजतात. त्या परत काढायच्या, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कोण हसतंय नि कोण रडतंय ते कळतं. रंगभूषेचं मूळ काम एवढंच. लाल दिव्यात गालांवरची लाली नाहीशी होते, निळ्या दिव्यात तीच लाली काळी दिसते, तेव्हा आधी दिवेवाल्याशी बोलायचं आणि मग पेटी उघडायची. रंग निवडताना तो हाताच्या पंजावर पाहायचा नाही, जबड्याच्या कडेला लावून पाहायचा. मानेपाशी रेघ दिसली तर रंग चुकला. स्पंज ओला करून घट्ट पिळायचा आणि थापायचा, घासायचा नाही. आणि शेवटी रंग उतरवायला खोबरेल तेल. हे शेवटचं मेलबर्नमध्ये बोलायला सोपं आहे. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली थिजतं आणि आपल्याकडे ते वर्षातले बरेच महिने दगड असतं. आता आमच्यातली एकजण बाटली स्वेटरच्या आत घालून हिंडते.

आजोबांनी जुन्या गोष्टीही सांगितल्या, त्यातल्या काही मुलांना आवडतील. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, तिथून मराठी नाटकाची सुरुवात धरतात. त्या काळी आणि पुढेही बराच काळ बायकांची कामं पुरुषच करत. रंग दुकानात तयार मिळत नसत. सफेदा, पिवडी, काजळ, हिंगूळ खलून घ्यायचे. हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, आज कुणी मुलाच्या गालाला लावू देणार नाही. पॅनकेक नंतर आला. मॅक्स फॅक्टरने तो १९३०च्या दशकाच्या अखेरीस रंगीत सिनेमासाठी काढला. (आपल्या मुलांना 'पॅनकेक आण' म्हटलं की ती सिरप शोधायला जातात.) आणि मराठी रंगभूषेचं काम किती वर जाऊ शकतं ते पाहायचं असेल तर २०११ सालचा 'बालगंधर्व' चित्रपट पाहा. सुबोध भावे यांच्या चेहऱ्यातून नारायणराव राजहंस आणि त्यांच्या स्त्रीभूमिका उभ्या करणारे विक्रम गायकवाड यांना त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०२५ साली ते आपल्यातून गेले.

म्हणजे रंगाने एका माणसाचा दुसरा माणूस करता येतो, हे आम्हाला मान्य आहे. आमचं भांडण रंगाशी नाहीच. फूटीच्या मॅचला मुलं गालांवर रिचमंडचे पिवळे-काळे पट्टे ओढून जातात, ते आम्हीच ओढून देतो. भांडण कुठे आहे, ते दुसऱ्या वर्षी कळू लागलं.

दुसऱ्या वर्षी नाटक होतं भीम आणि बकासुराचं. आम्ही ठरवलं, भीमाला उजळ रंग, बकासुराला काळा. विचार न करता ठरवलं, कारण लहानपणापासून आम्ही असंच पाहत आलो. बकासुर होती आठवीतली एक मुलगी. आवाज दमदार, हसणं तर अस्सल राक्षसी. आम्ही काळा रंग उघडल्यावर ती खुर्चीवरून उठली. म्हणाली, "हे मी लावणार नाही. शाळेत कळलं तर मला लाज वाटेल." आम्ही म्हटलं, "अगं, नाटक आहे." ती म्हणाली, "काकू, तेही असंच म्हणाले होते."

'ते' कोण, हे तिनेच सांगितलं. २००९ साली 'हे हे इट्स सॅटरडे' हा इथला जुना टीव्ही कार्यक्रम पुन्हा भेटीला आला, तेव्हा त्यात काही जणांनी तोंडं काळी रंगवून जॅक्सन बंधूंची नक्कल केली. परीक्षक म्हणून बसलेला अमेरिकी गायक हॅरी कॉनिक ज्युनिअर याने तिथल्या तिथे नापसंती दाखवली आणि प्रकरण जगभर गाजलं. वर्गात यावर चर्चा झाली होती. आम्ही तिघींनी तिला उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मिटलं. तोंडाला काळं फासणं, तोंड काळं करणं, हे वाक्प्रचार आपल्याच भाषेत आहेत. मराठीच्या वर्गात आपण ते मुलांना शिकवतो, अर्थ सांगतो आणि रविवारी तोच रंग राक्षसाला लावतो.

त्या दिवशी आमची पंधरा मिनिटं गेली, पण बकासुर झकास झाला. हिरवा चेहरा, डोळ्यांभोवती लाल, भुवया कपाळापर्यंत. कोकणातल्या दशावतारातले नट स्वतःचा चेहरा स्वतःच रंगवतात आणि त्यांचे राक्षस एकदा आले की पोरं आईच्या मागे लपतात. गंमत म्हणजे केरळच्या कथकलीत हिरवा चेहरा सज्जन नायकाचा असतो. म्हणजे रंगाचा अर्थ आपण ठरवू तो. मग वाईट म्हणजे काळा हेच कायमचं कुणी ठरवलं?

इथपर्यंतचं सगळं आम्ही हसत सांगू शकतो. पुढचं नाही.

गेल्या वर्षी आषाढीला आपण दिंडी काढली. हॉलमध्ये हीटर चालू होऊन बंद पडला होता आणि पाण्यात बोट घालवत नव्हतं. विठोबा होणारा मुलगा नऊ वर्षांचा. कमरेवर हात ठेवून अर्धा तास न हलता उभा राहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. त्याच्या घरच्यांपैकी एकांनी येऊन हळूच सांगितलं, "थोडा उजळ करा हं. भारतात सगळ्यांना व्हिडिओ जाणार आहे." पाच मिनिटांनी दुसरे एक पालक डोकावले आणि म्हणाले, "विठोबा काळा असतो, त्याला काळा रंग लावलाय ना?" एका चेहऱ्यासाठी दोन मागण्या, दोन टोकांच्या.

तो मुलगा सगळं ऐकत होता. भिंतीला पंढरपूरच्या विठोबाचा फोटो टेकवून ठेवला होता, मुकुटासाठी आणला होता. त्याने बाही वर केली, आपला हात फोटोशेजारी धरला आणि म्हणाला, "काकू, हा कलर सेम आहे. मग काय लावायचं?"

उत्तर त्यानेच दिलं होतं. तरी आम्ही काय केलं? बाहेर टाळ वाजू लागले होते, घाई होती, आणि खरं सांगायचं तर घरच्यांना नाराज करायची हिंमत नव्हती. आम्ही तो पहिल्या वर्षीचा डबा काढला आणि एक पातळ हात फिरवला. अगदी पातळ. सगळे म्हणाले, किती गोड दिसतोय. व्हिडिओ गेला.

दोन आठवड्यांनी रविवारी वर्ग सुटल्यावर तो आमच्याकडे आला. शाळेत फोटो डे होता. त्याने विचारलं, त्या दिवसापुरता तो डबा मिळेल का.

आम्ही खोटं बोललो. म्हटलं, डबा संपला. तो म्हणाला, "नवा कधी आणणार?"

पालकहो, या लेखाला निमित्त तो प्रश्न आहे. पातळ हातानेही मुलाला काय सांगितलं जातं, ते आम्हाला त्या दिवशी कळलं. देव झालास तरी तुझा रंग दुरुस्त करावा लागतो, असं आम्ही त्याला सांगून बसलो होतो. तेही विठोबाच्या वेषात! ज्याला संतांनी पिढ्यान्‌पिढ्या सावळा म्हणून हाक मारली, त्याच्या वेषात. राम आणि कृष्ण सावळे. द्रौपदीचं नाव कृष्णा. नाशिकला काळारामाचं देऊळ आहे आणि गोरारामाचंही आहे, पण नाशिक म्हटल्यावर नाव कुणाचं निघतं ते तुम्हीच सांगा. देवाला आपण आहे त्या रंगात मान देतो आणि घरातलं बाळ पाहायला गेलो की पहिलं वाक्य रंगावर बोलतो. गोरा, निमगोरा, उजळ, गव्हाळ, सावळा, काळासावळा. बाळाच्या रंगासाठी आपल्याकडे जेवढे शब्द आहेत तेवढे त्याच्या हसण्यासाठी नाहीत. 'फेअर अँड लव्हली' भारतात १९७५ साली आली. २०२० साली तिच्या नावातला 'फेअर' जाऊन 'ग्लो' आला. ट्यूबवरचा एक शब्द बदलायला ४५ वर्षं गेली. आपल्या बोलण्यातले शब्द मेलबर्नला येताना आपण सामानात बांधून आणले, कस्टमवाल्यांनी विचारलंही नाही.

काहीजण म्हणतात, "रंग नाही लावला तर स्टेजवर मुलं काळपट दिसतात." हा मुद्दा खरा आहे, पण तो दिव्यांचा आहे. आपल्या हॉलमध्ये उजेड डोक्यावरून येतो, त्यामुळे गोऱ्या मुलाच्याही डोळ्यांखाली सावली पडते. या वर्षी पाडव्याला आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून दोन एलईडी दिवे आणले आणि स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांतून दोन पांढऱ्या छत्र्यांवर उलटे सोडले. छत्र्यांवरून येणारा उजेड मऊ असतो. चेहरे स्वच्छ दिसले, कुणाला पांढरं करावं लागलं नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी पाडव्याचे फोटो पहिल्या वर्षीच्या फोटोंशेजारी ठेवून पाहावेत.

आणखी एक आक्षेप आमच्या कानावर आला आहे, की मुलांच्या मेकअपमध्ये आम्ही उगाच राजकारण आणतो. यावर एवढंच म्हणतो की डबा उघडताना आम्ही काही आणलं नव्हतं. ते डब्यातच होतं.

आमच्या तिघींत सगळ्यावर एकमत आहे असं समजू नका. १८९७च्या पुण्यातल्या प्लेगवरचं छोटं नाटक बसलं, तेव्हा रँडसाहेबाला पांढरं करायचं की नाही यावरून आम्ही भर कार पार्कमध्ये भांडलो. शेवटी नुसती टोपी दिली आणि मान ताठ ठेवायला सांगितली. दोघींना ते पुरेसं वाटलं, तिसरी अजून म्हणते की साहेब साहेब वाटलाच नाही. तसंच १५-१६ वर्षांच्या मुलींचं. त्यांना स्वतःच्या आवडीचा, स्वतः निवडलेला फिकट रंग लावायचा असेल तर अडवणारे आम्ही कोण, असं एकीचं म्हणणं. दुसरी म्हणते, आवड कुठून आली ते तरी विचारू. हा वाद चालू आहे आणि मोठ्या वर्गातल्या मुलींनी पुढच्या अंकात यावर लिहावं, अशी आमची फार इच्छा आहे. मराठीत लिहा, चुका झाल्या तर होऊ द्या.

आता पेटीत तपकिरी रंगांच्या चार डब्या आहेत, गव्हापासून कॉफीपर्यंत. मोठी मुलं त्या बशीत मिसळून एकमेकांच्या जबड्याशी लावून पाहतात, आणि खरं तर ती आमच्यापेक्षा नीट जुळवतात. त्यांची नजर अजून बिघडलेली नाही. दहा वर्षांखालच्यांना आम्ही फक्त डोळे, ओठ आणि हवी तर मिशी काढतो, कातडीला हात लावत नाही. 'थोडा उजळ करा' ही विनंती आम्ही या गणपतीपासून स्वीकारणार नाही. कुणी रागावलं तर आमच्यावर रागवावं, मुलांसमोर नको.

नाटकाच्या दिवशी मुलांनी चेहरा साबणाने धुऊन यावं. सनस्क्रीन लावलं असेल तर तेही धुवावं, कारण त्यावर पॅनकेकच्या गोळ्या होतात. (घरी जाताना पुन्हा लावायला विसरू नका.) प्रत्येकाने आपला स्पंज, नाव घातलेल्या पिशवीत, आणि आपली काजळकांडी आणावी. एकाचं काजळ दुसऱ्याला लावलं तर डोळे येतात, आणि आपल्याकडे आधीच महिन्याला कुणाचे तरी आलेले असतात. ज्यांची कातडी नाजूक आहे त्यांच्यासाठी आदल्या रविवारी कोपराच्या आतल्या बाजूला रंग लावून पाहू. जुनी सुती साडी, टॉवेल, आणि आणखी एक आरसा कुणाकडे असेल तर हवा आहे. खोबरेल आम्ही आणतो.

आणि तो सँड नावाचा डबा संपलेला नाही. अजून निम्मा आहे, तो वापरायचा नाही असं ठरलं आहे. विठोबा झालेला मुलगा आता मराठी चांगलं वाचतो, तो हा लेख वाचेल म्हणून इथे सांगून टाकतो. तू विचारलंस तेव्हा आम्ही खोटं बोललो. पुढच्या वर्षी भुताचं नाटक बसवायचं चाललं आहे, डबा त्यासाठी ठेवला आहे. भूत व्हायचं असेल तर सांग.